निकाळजे साहेबांची मनाई

दुभाष्याच्या कामात पहिली गोष्ट अंगवळणी पाडून घ्यावी लागते, ती म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं ‘मी’ म्हणणं. रशियन साहेब म्हणाले, ‘मला भूक लागली,’ तर ‘त्यांना भूक लागली’ असं सांगायचं नसतं. ‘मला भूक लागली’ असंच सांगायचं. ऐकणाऱ्यानं मधल्या माणसाला विसरून जावं, म्हणून ही रीत. उमरी तालुक्यातल्या एका गावच्या पारावर मी ती इमानानं पाळली. माझे रशियन साहेब निकोलाय स्तेपानविच गावकऱ्यांना म्हणाले, मी बाकू शहरात जन्मलो, तीस वर्षं तेलाच्या विहिरी खोदल्या, आणि गेल्या साली माझी बायको वारली. मी तसंच्या तसं मराठीत सांगितलं. तर दोन म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावून माझ्याजवळ आल्या. ‘लई लवकर गेली रे लेकरा तुझी,’ एक म्हणाली. माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

मी मूळचा रेणापूरचा. वडील सोपानराव शाळेत शिपाई होते. नांदेडला भूशास्त्र घेऊन पदवी घेतली, नोकरी लागेना, म्हणून हैदराबादला जाऊन रशियन शिकलो. रशियनच का, तर त्या वर्गात जागा रिकाम्या होत्या. तेव्हा सोव्हिएत संघ जागेवर होता. मोडायला पाच-सहा वर्षंच उरली होती, पण ते कुणाला माहीत? सरकारच्या तेल खात्यानं उमरीजवळ एक चाचणी विहीर खोदायला घेतली, सल्लागार म्हणून मॉस्कोहून एक मोठे अधिकारी मागवले, आणि त्यांची भाषा आणि मराठी दोन्ही येणारा, शिवाय खडकातलं थोडं कळणारा माणूस म्हणून मला घेतलं. तात्पुरतं. हा ‘तात्पुरतं’ शब्द पुढे लागणार आहे.

आपल्याकडे तेल? असं लोक आजही विचारतात. मराठवाड्याच्या काळ्या मातीखाली काळ्या खडकाचा जाड थर आहे. त्याच्याही खाली जुना, मऊ खडक असावा आणि स्पंजात पाणी मुरतं तसं त्यात तेल मुरलेलं असावं, असा एक अंदाज होता. अंदाज खरा का खोटा हे पाहायला मोठा मनोरा उभारून पोलादी पाइपाच्या टोकाला दातेरी चाकं लावून खोदत जायचं, अधूनमधून पोकळ टोकानं खडकाचा उभा तुकडा कापून वर आणायचा आणि तपासायचा. त्या तुकड्याला आम्ही गाभा म्हणायचो. विहीर बहुतेक वेळा कोरडीच निघते. निकोलाय स्तेपानविच म्हणायचे, ‘आमचा धंदा नव्वद टक्के निराशेचा आहे. म्हणून आम्ही जेवण चांगलं करतो.’

उंच, रुंद खांद्यांचा, पिकल्या भुवयांचा माणूस. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. सतराव्या वर्षी मनोऱ्याखाली काम करताना पाइपात सापडून गेली होती. आमच्या मजुरांना त्यांचं नाव काही जमेना. मनोऱ्याच्या फलाटावर काम करणारा गंगाधर म्हणून चाळिशीचा एक गडी होता, जवळच्याच गावचा. त्यानं एके दिवशी तोडगा काढला. ‘निकोलाय न् फिकोलाय. आपल्याला न्हाई जमत. निकाळजे साहेब म्हनू.’ तेव्हापासून ते निकाळजे साहेब झाले. एका रविवारी मी त्यांना रेणापूरला घरी जेवायला नेलं. वडिलांनी नाव विचारलं, मी गमतीनं ‘निकाळजे’ सांगितलं, तर वडील खूष. ‘म्हणजे आपल्यातलेच की!’ भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली त्यांना बसवलं. त्या लोकांत मान द्यायचा तर नावापुढे बापाचं नाव लावून हाक मारतात. ते स्तेपानचे म्हणून स्तेपानविच. माझ्या वडिलांचं नाव ऐकल्यावर त्यांनी मला कायमचं ‘भास्कर सोपानविच’ करून टाकलं. पंचविशीतल्या तात्पुरत्या पोराला असं बापासकट कुणी बोलावलं नव्हतं.

त्यांचं आणि गंगाधरचं विशेष सूत होतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघांचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. गंगाधर घरून भाकरी आणायचा, त्याची बायको चंद्रकला साहेबांसाठी एक जास्तीची बांधून द्यायची. साहेब ती हातावर घेऊन वास घ्यायचे. पाइपाचा सांधा आवळताना पाय कुठे ठेवायचा, वर कधी बघायचं, हे त्यांनी गंगाधरला आपल्या तुटक्या हातानं दाखवून दाखवून शिकवलं. पुढे गंगाधर तेच इतर गड्यांना शिकवायचा, आणि शिकवताना डाव्या हाताची दोन बोटं दुमडून धरायचा.

आता माझ्या हुशारीबद्दल. निकोलाय स्तेपानविच फार तिखट बोलायचे. एकदा शेजारच्या शेताचा मालक विडी ओढत थेट मनोऱ्याखाली आला. तिथे डिझेलची पिंपं. साहेब ओरडले, ‘या गाढवाला सांग, स्वतः मरायचं असेल तर घरी मर, आम्हाला जाळू नकोस!’ मी म्हणालो, ‘दादा, साहेबांना तुमच्या जिवाची फिकीर वाटते. विडी जरा बांधावर ओढा.’ दुसऱ्या दिवशी तो दादा पेरूंची पाटी घेऊन हजर. साहेब चक्रावले. ‘मी त्याला गाढव म्हणालो आणि हा फळं का देतोय?’

‘तुमची शिवी मराठीत फार गोड लागते,’ मी म्हणालो.

ते खदखदून हसले. मग हसू थांबवून म्हणाले, ‘विडीचं ठीक आहे, भास्कर सोपानविच. कामाचं बोलताना माझे शब्द धुऊ नकोस.’

मी मान हलवली. पण शब्द धुण्याबद्दल मला सगळीकडून शाबासकी मिळत होती. गावकरी खूष, मजूर खूष, आणि सगळ्यांत जास्त खूष आमचे प्रकल्पप्रमुख. त्यांचं नाव मी लिहीत नाही, ते आता नाहीत. ते मला जीपमध्ये म्हणायचे, ‘तुमचा माणूस ताडताड बोलतो. तुम्ही मध्ये आहात म्हणून गाडी चाललीय. असंच पॉलिश करत चला. तुम्हाला कायम करायचं प्रकरण माझ्याच टेबलावर आहे, मी विसरलेलो नाही.’ आमच्या घरात सरकारी नोकरीत बसून काम करणारा मी पहिला झालो असतो. वडील रोज पोस्टमनची वाट बघत होते.

एका रविवारी दुपारी नांदेडला गोदावरीच्या घाटावर बसलो असताना निकोलाय स्तेपानविचनी आपली कहाणी सांगितली. मी विचारलं नव्हतं. ते सैबेरियात दलदलीत विहिरी खोदता खोदता वर चढत गेले आणि शेवटी मॉस्कोच्या मंत्रालयात खात्याचे प्रमुख झाले. टेबलावर तीन टेलिफोन. तिकडे सगळं ठरलेल्या योजनेप्रमाणे चालायचं, अमुक विहीर अमुक सणाच्या आत पुरी झालीच पाहिजे. एका विहिरीवरच्या इंजिनिअरानं फोन केला, खालून गॅस येतोय, थांबायला हवं. दुसऱ्या टेलिफोनवर वरचे साहेब होते. त्यांना सण दिसत होता.

‘मी पुढे जायच्या हुकमावर सही केली,’ ते म्हणाले. ‘चार माणसं जळाली. विहीर मात्र वेळेत पुरी झाली, म्हणून मला पदक मिळालं. कुणी काही विचारलं नाही. मी वाट बघत होतो की कुणीतरी विचारेल. बायकोनं सुद्धा विचारलं नाही. ती गेल्यावर मला त्या खोलीत बसवेना. म्हटलं, मला कुठेही बाहेर पाठवा, पण विहिरीवर पाठवा. आता थांबवायची वेळ आली तर मी वेळेवर थांबवीन.’

पाण्यावर बायका कपडे धूत होत्या. दुभाष्याला स्वतःचं बोलायची सवय कमी.

थांबवायची वेळ सहा महिन्यांत आली. पाइप उपसताना सगळं वजन एका तारेच्या दोरावर येतं. तो दोर मनोऱ्याच्या माथ्यावरच्या कप्प्यांतून फिरून फिरून झिजतो, आणि बाहेरून चांगला दिसत असतानाच तुटतो. म्हणून ठरावीक काम झालं की झिजलेला भाग कापून नवा पुढे ओढून घ्यायचा असतो. आमच्याकडे नवा दोर संपला होता. नवं रीळ रेल्वेनं नांदेडला यायचं होतं, उशीर झाला होता. नेमके त्याच वेळी दिल्लीहून मोठे पाहुणे येणार होते. त्यांना खालचा ताजा गाभा दाखवायचा, तर सगळा पाइप उपसणं भाग होतं.

तंबूत बैठक झाली. निकोलाय स्तेपानविच उभे राहिले. ते ओरडले नाहीत, सावकाश बोलले. माझ्यासाठीच सावकाश बोलत असावेत. म्हणाले, ‘दोर बदलल्याशिवाय पाइप उपसायला मी मनाई करतो. फलाटावर कुणीही उभं राहायचं नाही.’

मी म्हणालो, ‘साहेबांचं म्हणणं, उपसण्याआधी दोर बदलून घेतला तर चांगलं.’

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. ‘नीट सांगा गायकवाड. मनाई करतायत की सल्ला देतायत?’

मनाई असती तर ती लेखी नोंदवावी लागली असती, आणि नोंदवल्यावर त्यांना पुढे जाता आलं नसतं. हे मला त्याच क्षणी समजलं होतं. मी गोंधळलो नव्हतो, शब्द अडला नव्हता.

‘सल्ला,’ मी म्हणालो.

‘ठीक,’ ते म्हणाले आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं.

निकोलाय स्तेपानविचनी प्रमुखांची मान हललेली पाहिली. आपलं म्हणणं मानलं असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन नांदेडच्या मालधक्क्यावर गेले, दोर आला का बघायला. आला होता. केवढे खूष झाले! ट्रकमध्ये रीळ चढवताना स्वतः हात लावला, जीपमध्ये कसलंसं गाणं गुणगुणत होते, उमरीच्या अलीकडे थांबवून सगळ्यांसाठी भजी घेतली. आपण परत पोचेपर्यंत उपसायला सुरुवात झालेली असेल, हे मला ठाऊक होतं. मला वाटत होतं, काही होणार नाही. दोर आज तुटायचा नाही. भजी गरम होती आणि मी ती खात होतो.

आम्ही पोचलो तेव्हा मनोऱ्याभोवती माणसं जमा झाली होती आणि मशीन बंद होतं. दोर तुटून वरचा अवजड कप्पीचा ठोकळा फलाटावर कोसळला होता. बाकीचे गडी बाजूला उड्या मारून वाचले. गंगाधर वाचला नाही.

निकोलाय स्तेपानविच गर्दीतून आत गेले, गुडघ्यावर बसले. मग उठून माझ्यापाशी आले. ‘तू सांगितलं होतंस ना त्यांना?’

‘सांगितलं होतं,’ मी म्हणालो.

चौकशी नांदेडच्या विश्रामगृहात झाली. तीन अधिकारी, आणि साहेबांची साक्ष मराठी-इंग्रजीत सांगायला मीच. त्यांना विचारलं, तुम्ही काम थांबवायला सांगितलं होतं का? ते म्हणाले, ‘मी मनाई केली होती.’ माझ्या तोंडून निघालं, ‘मी दोर बदलायला सुचवलं होतं.’ ‘मी’ म्हणायची ती रीत. त्यांच्याच तोंडानं मी त्यांच्याविरुद्ध बोललो.

अध्यक्षांनी इतिवृत्त पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाले, म्हणजे तुम्ही फक्त ॲडव्हाइस केलंत. निकोलाय स्तेपानविचना इंग्रजी येत नव्हतं, पण हा शब्द त्यांच्या दारावरच्या पाटीवर होता. ॲडव्हायझर. तो त्यांना येत होता. ते हळूच माझ्याकडे वळले. मी समोरच्या कागदांकडे पाहत होतो, तरी ती नजर मला कळली. खोलीत पंखा फिरत होता.

मग ते म्हणाले, ‘हो. सल्लाच दिला होता. मी स्पष्ट बोलायला हवं होतं.’

हे मात्र मी शब्दशः सांगितलं.

अहवालात सल्लागारांचा निष्काळजीपणा असं आलं. नांदेडच्या वर्तमानपत्रात ‘रशियन साहेबाची चूक’ म्हणून छापून आलं. विहिरीत सिमेंट भरून ती बंद केली. तेल नव्हतंच. साहेबांना परत बोलावलं. स्टेशनवर पोचवायला मी एकटाच होतो. गाडी यायच्या आधी मी रडत विचारलं, ‘तुम्ही खरं का नाही सांगितलं?’

ते बाकावर सरळ बसून होते. ‘सांगितलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, गंगाधर काही परत आला नसता. तुला आता हे घेऊन जगायचं आहे. ते कसं असतं मला माहीत आहे. एवढं पुरेसं आहे, त्यात आणखी भर कशाला?’ मग म्हणाले, ‘कधी जमलं तर तूच सांग. मी चार माणसांचं सांगितलं, ते फक्त तुला. तेही परक्या देशात, नदीकाठी. तेवढ्यानं भागत नाही.’

मी कायम झालो. वडिलांनी पेढे वाटले. नोकरीत मी पुढे बरीच वर्षं कागदांचे तर्जुमे केले. माणसांच्या मध्ये उभं राहायचं काम पुन्हा घेतलं नाही. साहेबांना पत्रं लिहायचो आणि फाडायचो. आठव्या वर्षी एक टाकलं. तोवर त्यांचा देशच मोडला होता. पत्र कुठे कुठे फिरून बाकूला त्यांच्या मुलीच्या हाती पडलं. तिचं उत्तर आलं. मॉस्कोत परतल्यावर त्यांचं टेबल काढून घेतलं, शहराबाहेरच्या एका गोदामात खडकांचे गाभे सांभाळायला ठेवलं. देश मोडल्यावर तेही बंद झालं. शेवटची दोन वर्षं ते एका शाळेच्या फाटकावर राखणदार होते. थंडीत छातीत पाणी होऊन गेले. तिनं लिहिलं होतं, ‘तिथला माझा दुभाषा चांगला मुलगा होता, असं बाबा सांगायचे.’ ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! दुसरा काही अर्थ निघतो का, म्हणून.

माझी बायको वारल्यानंतरच्या वर्षी मी उमरीला गेलो. मुलगा म्हणाला, या वयात एसटीनं कशाला, मी सोडतो. नको म्हटलं. गंगाधरच्या गावात चंद्रकलाबाईंचं घर सापडायला वेळ लागला नाही. त्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं. ‘तुमी ते साहेबाच्या मधी बोलायचे, तेच ना? बसा.’

मी सगळं सांगितलं. तंबूतलं, मालधक्क्यावरचं, चौकशीतलं. भज्यांचंही सांगितलं. त्यांचे हात सुपात थांबले होते. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, ‘म्हंजे त्या गोऱ्या साहेबाची चूक न्हवती.’

‘नव्हती. त्यांनी मनाई केली होती. मी सांगितलं नाही.’

‘मी तर त्यायलाच शिव्याशाप देऊन राहिले,’ त्या म्हणाल्या. ‘रोज दिवा लावताना. इतकी वर्सं. माझ्या हातची भाकर खाल्ली न् माझं घर बुडवलं म्हून. कुठं हाईत ते?’

‘गेले. खूप वर्षं झाली.’

‘कसे गेले?’

मी सांगितलं. शाळेचं फाटक, थंडी, सगळं. त्या सुपाकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘आता ते शाप मी वापस कसे घेऊ हो?’

मी म्हणालो, ‘ते मला द्या.’

त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. राग होता का, कीव होती, मला सांगता येणार नाही. ‘तुमी बी म्हातारे झालाव,’ एवढंच म्हणाल्या. पाणी दिलं नाही, जा असंही म्हणाल्या नाहीत. आतून सून डोकावून गेली. मग चंद्रकलाबाईच बोलल्या.

‘पेपरात आलं होतं, साहेबाची चूक म्हून. अख्ख्या गावाला तेच ठाव हाय. माझ्या नातवायला बी मी तेच सांगितलं. तुमाला लिवता येतं ना? मग लिवा. त्यायचं नाव घालून लिवा, आन तुमचं बी.’

‘लिहितो.’

‘मला वाचता येत न्हाई. लिवून झालं की हितं येऊन वाचून दाखवा. माझ्या एकटीला नगं. पारावर, समद्यायला.’

मी हो म्हणालो आणि उठलो. त्या पुन्हा तूर निवडू लागल्या होत्या.

याला दोन दिवाळ्या झाल्या. दोन्ही वेळा लिहायला बसलो आणि काहीतरी सौम्य करून ठेवलं, ते फाडून टाकलं. या वर्षी जे झालं ते झालं तसं लिहिलं आहे. हा दिवाळी अंक छापून हातात आला की लातूरहून सकाळची गाडी धरून मी उमरीला जाणार आहे. चंद्रकलाबाईंच्या सुनेला फोन केला होता. म्हातारी आहे अजून, म्हणाली. वाट बघते, म्हणाली.

— भास्कर सोपान गायकवाड, लातूर